न पाठवलेलं

मी सुरतेतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे रिंगरोडवरच्या जुन्या कॉम्प्लेक्समधल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. साहेब धरून पाच माणसं, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद. खाली कापड बाजाराचा गजबजाट, हातगाड्यांवर कापडाचे गठ्ठे, आणि त्या गर्दीतून वाट काढत बसपर्यंत जायचं. राहायला भेस्तानला. नवरा इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर आहे, तो सकाळी माझ्या आधी निघतो आणि संध्याकाळी माझ्या नंतर येतो. घरी सासूबाई. त्या शिरपूरकडच्या, अजूनही अहिराणीच बोलतात. मी घरी आले की चप्पल काढायच्या आत म्हणतात, "आते तरी जेवी ले." मी जेवायच्या आधी जरा भिंतीला टेकून बसते. गेली काही वर्षं मला दिवसातला सगळ्यात बरा वेळ तोच वाटतो.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर साहेबांनी एका साडीवाल्या शेठचं काम घेतलं. शेठची बाजारात मोठी पेढी होती. घाऊक धंदा ते स्वतः बघायचे. मोबाईलवरून किरकोळ साड्या विकण्याचं काम त्यांच्या सुनेने सुरू केलं होतं. तिला दुकानातले सगळे भाभी म्हणत, म्हणून मीही भाभी म्हणू लागले. वयाने ती माझ्यापेक्षा लहान, पण हिशेबाला पक्की आणि बोलायला मोकळी. आमचं बोलणं गुजरातीत व्हायचं, इथे ते मराठीत लिहिते आहे.

भाभीची अडचण साधी होती. बाया साडीचा फोटो बघत, काहीतरी विचारत, आणि उत्तर यायला इतका वेळ लागे की तोपर्यंत त्यांनी दुसरीकडे घेतलेली असे.

यामागचं कारण सांगायचं तर माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. इतकी वर्षं मी जे करत आले ते एकाच पद्धतीचं होतं. ग्राहकाच्या मोबाईलवरचं पान आमच्या सर्व्हरला काहीतरी विचारतं, सर्व्हर उत्तर देतो, आणि तिथे संबंध संपतो. परत काही हवं असेल तर परत विचारायचं. सर्व्हर आपणहून कधीच बोलत नाही. त्यामुळे दुकानातल्या मुलीने उत्तर लिहिलं तरी ते सर्व्हरवर पडून राहणार, ग्राहकाचं पान विचारायला येईपर्यंत. भाभीचं पान माझ्या आधी ज्याने केलं होतं त्याने यावर तोडगा काढला होता. पान दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, काही आलं का? आलं नाही. आता आलं का? नाही. एका वेळी शेकडो मोबाईल असं विचारायला लागले की सर्व्हर नुसता नाही-नाही म्हणून दमायचा, आणि जिचं उत्तर खरंच आलेलं असायचं ती ताटकळत बसायची.

"कनेक्शन एकदा उघडायचं आणि उघडंच ठेवायचं," साहेब म्हणाले. "दोन्हीकडून कोणीही, केव्हाही बोललं पाहिजे. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. सोपं आहे बेन, तयार कोड मिळतो."

आणि ते चहाला गेले.

तयार कोड मिळतो हे खरं होतं. आमच्या दोन खोल्यांत तो पहिल्याच दिवशी चालला. मी एका कॉम्प्युटरवर लिहायचे, दुसऱ्यावर लगेच उमटायचं, दुसऱ्यावरून लिहिलं की पहिल्यावर. साहेबांनी मागे उभं राहून बघितलं आणि शेठना फोन लावून झालं म्हणून सांगून टाकलं. पुढचे सगळे आठवडे मी त्या एका फोनपायी राबत होते.

कारण खरी माणसं आमच्या दोन खोल्यांत नव्हती. ती एसटीत होती, शेतातल्या घरात होती, बोगद्यातून चाललेल्या गाडीत होती. रेंज गेली की मोबाईल काही सांगून जात नाही. सर्व्हरला वाटतं समोर अजून माणूस आहे, आणि तो बोलत राहतो. मग मी अशी सोय केली की सर्व्हरने मधून मधून हाक मारायची आणि मोबाईलने ओ द्यायची. ओ आली नाही की कनेक्शन मेलं असं धरायचं. मग हाक किती वेळाने मारायची यावरून डोकं फुटायची वेळ आली. लवकर मारली तर मोबाईलची बॅटरी खाते, उशिरा मारली तर मधल्या वेळात पाठवलेलं हवेत जातं. हवेत गेलेलं परत कसं पाठवायचं, आणि परत पाठवलेलं दोनदा पोचलं तर काय करायचं, हे पुढचे प्रश्न. प्रत्येक प्रश्न सुटला की त्याच्या मागे दुसरा उभा असायचा. माझी मान आणि उजवा खांदा तेव्हापासून धरले ते अजून पूर्ण सुटलेले नाहीत.

तरी ते सुरू झालं. दुकानात वरच्या माळ्यावर तीन मुली बसवल्या होत्या, त्या उत्तरं द्यायच्या. तिघी गुजराती आणि हिंदी लिहायच्या. पण पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्रातून मराठीत विचारणा यायला लागल्या आणि मुलींचं अडलं.

भाभीचा फोन आला. "बेन, तुम्ही मराठी ना? दोन दिवस तेवढं बघता का? मी मराठी मुलगी शोधते."

दोन दिवस म्हणून मी हो म्हटलं. मराठी मुलगी काही सापडली नाही, आणि लग्नसराई संपेपर्यंत ते माझ्याच गळ्यात राहिलं. एका खिडकीत कोड आणि शेजारच्या खिडकीत बाया. "ताई, हा रंग फोटोत दिसतो तसाच आहे का?" "ताई, पदर किती मोठा?" "ताई, धुतल्यावर आटेल का?" मी साड्यांतलं फारसं जाणत नव्हते. दुकानात फोन करायचा, विचारायचं, मग लिहायचं. साहेबांना ते आवडत नव्हतं, पण शेठ मोठं गिऱ्हाईक असल्यामुळे ते गप्प होते.

त्यांत वाशिमकडच्या एक बाई होत्या. त्यांना मी मनात वाशिमच्या ताई म्हणायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आहेराच्या साड्या त्या आमच्याकडून घेत होत्या. एकदम सगळ्या नाही, एकेक करून. प्रत्येक साडीमागे एक माणूस होतं आणि ते त्या मला सांगायच्या. ही नणंदेसाठी, तिला काठ मोठे लागतात. ही मोठ्या जावेसाठी, ही अशी पाहिजे की नणंदेच्या साडीपेक्षा हलकी दिसता कामा नये. व्याहीणबाईंना गडद रंग चालत नाही, मुलीने विचारून घेतलं आहे. मुलीची आत्या विधवा आहे, पण तिलाही रंगीतच द्यायची, तसं माझ्या मुलीनेच ठरवलंय. हे सगळं त्या लिहायच्या आणि मी वाचायचे. समोर चहा निवत असायचा.

त्यांच्या घरात इंटरनेटची रेंज येत नव्हती. "गच्चीवर येऊन लिहिते ताई," त्यांनी सांगितलं होतं. जिना उतरायला लागल्या की कनेक्शन तुटायचं, परत वर आल्या की जोडलं जायचं, आणि मधे अडकलेलं सगळं एकदम येऊन पडायचं, तेही मागचं पुढे होऊन. एकदा मी विचारलं, आत्यांसाठी मोरपिशी पाठवू की डाळिंबी? त्यांनी आधी लिहिलं होतं, "मोरपिशी." मग मन बदललं आणि लिहिलं, "नको, डाळिंबी." माझ्याकडे आधी आलं डाळिंबी, मागून आलं मोरपिशी. मी मोरपिशी बाजूला काढायला सांगितली, ती मागाहून बदलावी लागली. दुसऱ्या वेळी त्यांचं "पाठवा" दोनदा पोचलं आणि दुकानातल्या माणसाने एकच साडी दोनदा पार्सलात घातली.

"ताई, मी एकदाच म्हटलं होतं," त्यांनी बिल बघून लिहिलं.

त्यानंतर मी प्रत्येक मेसेजला क्रमांक दिला. क्रमांकाप्रमाणे लावून मगच दाखवायचं, आणि तोच क्रमांक परत आला तर सोडून द्यायचा. पोच आल्याशिवाय पाठवणाऱ्याकडची प्रत पुसायची नाही. आज ते बोलून दाखवायला दोन वाक्यं लागतात. तेव्हा मला त्यात बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत माझी चाचणी घेणारं माणूस म्हणजे वाशिमची गच्ची होती, हे त्या बाईंना माहीतही नव्हतं. शेवटी एक दिवस त्या खालीवर करत राहिल्या, कनेक्शन चारदा तुटलं, आणि त्यांचं एकेक वाक्य माझ्याकडे जिथल्या तिथे येऊन बसलं. मी साहेबांना दाखवायला हाक मारली. ते फोनवर होते.

मग शेठ स्वतः ऑफिसात आले. लिफ्ट बंद, त्यामुळे जिना चढून धापा टाकत. पाणी प्याले आणि म्हणाले, "बाजारात एकाने सांगितलं की गिऱ्हाईक काय लिहीत आहे ते त्याने पाठवायच्या आधीच दुकानदाराला दिसू शकतं. आपल्यातही करा. मुलींना उत्तर तयार ठेवता येईल."

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

होणं कठीण नव्हतं. कनेक्शन उघडंच होतं. लिहिणाऱ्याचं बोट जरा थांबलं की तिथवरचं वाक्य सर्व्हरकडे सरकवायचं, एवढंच. तेच मी सांगितलं आणि पुढे म्हटलं, "पण तिने ते पाठवलेलं नसतं. ती अजून ठरवत असते."

"मोठमोठ्या कंपन्या करतात बेन," साहेब म्हणाले. "पानाच्या तळाशी एक ओळ टाकून देऊ."

मी परत एकदा म्हटलं की हे बरं नाही. शेठ हसले. म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक साडीला हात लावतं तेव्हा आम्ही तोंडाकडे बघतोच ना? हे तसंच."

ओळ टाकली गेली, बारीक अक्षरात, इंग्रजीत. काम माझ्याकडे आलं आणि एका दुपारीत झालं. मुलींच्या पडद्यावर, खऱ्या मेसेजच्या खाली, राखाडी रंगात एक ओळ दिसायला लागली. लिहिलं जाताना ती वाढायची, खोडलं की आखडायची.

पहिले काही दिवस सगळे खूश होते. उत्तरं झटकन जात होती. मुलींना मजाही वाटत होती. कोणी लिहायचं, "लुटायला बसलेत मेले," मग ते खोडून, "काही कमी होईल का?" मुली हसायच्या आणि मला फोन करून सांगायच्या. माझ्याकडे मराठी बाया होत्या, त्यांचंही मला दिसायचं, आणि दुकानातल्या पडद्यावरही. बघू नये असं ठरवून मी दुसरीकडे बघायचे, पण पडद्यावर काही हललं की नजर जातेच. बाया काय काय लिहून खोडतात. वय लिहितात. आपण जाड आहोत हे लिहितात. सासूला आवडेल का हे लिहितात. मग सगळं पुसून विचारतात, "ब्लाउज पीस आहे का?" संध्याकाळी बसमध्ये उभी असताना मला शेजारच्या बायांकडे बघावंसं वाटायचं नाही.

ती दुपार उन्हाळ्याची होती. ऑफिसातला एसी नुसतं वारं फेकत होता. वाशिमच्या ताईंचा हिरवा ठिपका लागला, म्हणजे त्या गच्चीवर आल्या होत्या. मला वाटलं त्या पार्सल कधी निघणार विचारतील. सगळ्या साड्या दुकानात एका गठ्ठ्यात बांधून ठेवल्या होत्या, उद्या-परवा निघणार होत्या. भर उन्हात गच्चीवर कशाला आल्या असतील, असंही मनात येऊन गेलं.

राखाडी ओळ सुरू झाली. "ताई, एक सांगायचं होतं."

ती पुसली गेली.

मग आलं, "मुलीचं लग्न मोडलं."

आणि ते तसंच राहिलं. पुढे काही नाही, पुसलंही जाईना. मी हातातला डबा खाली ठेवला. बऱ्याच वेळाने पुढे "त्या लोकांनी" एवढं आलं आणि लगेच गेलं. मग "मुलीचं लग्न मोडलं" हेही एकेक अक्षर करून मागे गेलं. ओळ रिकामी झाली. आणि खरा मेसेज आला.

"ताई, ऑर्डर रद्द करता येईल का?"

मी लिहायला घेतलं. काय लिहावं याचा विचार करत होते. मला काही माहीत नाही असंच लिहायचं होतं, पण हात थोडा मऊ ठेवून. "हो ताई, विचारून लगेच सांगते," एवढं लिहीपर्यंत माझ्या पडद्यावर, माझ्या वाक्याच्या आधी, दुकानातून गेलेला मेसेज उमटला. हिंदीत होता.

"दीदी, शादी टूट गई तो कोई बात नहीं। आप चिंता मत करो। हम पूरा ऑर्डर कैंसल कर देंगे।"

तो पोचल्याची खूण लगेच आली. इतके आठवडे घालून मी जे बसवलं होतं ते त्या वेळी अगदी नीट चाललं. एक अक्षर हरवलं नाही, एक क्षण उशीर झाला नाही.

तिकडून राखाडी काहीच आलं नाही. मग एकदम, "मी हे लिहिलं नव्हतं."

आणि पाठोपाठ, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग हिरवा ठिपका गेला. मी लिहिलेलं "हो ताई" तसंच चौकटीत राहिलं.

मी दुकानात फोन लावला. भाभीनेच उचलला.

"भाभी, तो मेसेज कोणी पाठवला?"

"मीच. मी इथे मुलींच्या मागे उभी होते. मोडलं म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून पॅकिंगवाल्या काकांना विचारलं. ते तुमच्याकडचेच ना, त्यांनी सांगितलं. बिचारी. म्हणून मी लगेच लिहिलं." मग म्हणाली, "ती असं का म्हणते, मी लिहिलं नव्हतं?"

"कारण तिने पाठवलं नव्हतं."

"पण दिसलं तर."

"दिसलं. तिने लिहिलं, पुसलं, आणि मग फक्त ऑर्डर रद्द करा म्हणाली. तिला सांगायचं नव्हतं, भाभी. निदान अजून तरी नव्हतं. आता तिला वाटत असेल की ही बातमी सुरतेपर्यंत पोचली."

भाभी म्हणाली, "मी चांगल्यासाठीच लिहिलं, बेन."

"मला माहीत आहे."

"माझीही पहिली सगाई तुटली होती. तेव्हा माझ्या आईला हलवाई, मंडपवाला, सगळ्यांना एकेक करून सांगत फिरावं लागलं. प्रत्येकाला कारण पाहिजे. म्हणून मला वाटलं, हिला तरी सांगावं लागू नये."

भाभीला दोष द्यावा म्हणून मी फोन केला होता असं नाही, पण थोडा राग होता, तोही बसला. मी म्हटलं, "ही राखाडी ओळ मी काढून टाकते आहे. शेठना तुम्ही सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

त्यांना तिने काय सांगितलं ते तिनेच मला नंतर सांगितलं. बाया घाबरतात आणि निघून जातात, पप्पाजी, धंदा जातो. एवढ्यावर शेठनी लगेच मान हलवली. दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं की नाही, मला शंका आहे. साहेब मात्र चिडले. केलेलं काम आपण होऊन कोणी काढतं का, म्हणाले. मी तोपर्यंत काढलेलं होतं. लावायला एक दुपार लागली होती, काढायला तेवढाही वेळ लागला नाही.

वाशिमच्या ताईंना मी मेसेज लिहिला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढं ठेवलं: ताई, तुम्ही लिहून पुसलेलं वाक्य आम्हाला इथे दिसत होतं, ही आमच्या पानाची चूक होती, ती आज बंद केली. तुमची बातमी कुणाकडून आलेली नाही. आम्हा दोघी-तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. ऑर्डर रद्द केली आहे.

तो गेला नाही. म्हणजे माझ्याकडून निघाला, सर्व्हरवर जाऊन थांबला. सर्व्हर आपणहून बोलू शकत होता, त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, पण पलीकडे पान उघडलेलं असलं तरच. त्यांनी पान उघडलं नाही. त्यांचा फोन नंबर ऑर्डरवर होता. भाभी म्हणाली, लावा ना. मी लावला नाही. सुरतेहून आणखी एक अनोळखी आवाज त्या घरात न्यायचा, आणि उचलणारं कोण असेल ते माहीत नाही.

न पोचलेले मेसेज काही दिवसांनी आपोआप पुसले जावेत असा नियम मीच घातला होता, सर्व्हर भरू नये म्हणून. तेवढ्या एका मेसेजसाठी मी तो नियम बदलला. सकाळी आल्यावर आधी तिकडे बघायचे. थांबलेलाच असायचा. मग कामाला लागायचे. गठ्ठा सोडून साड्या परत फळीवर गेल्या, त्यांतल्या काही दुसऱ्या कोणाला विकल्याही गेल्या. लग्नसराई ओसरत आली. भाभीला उधन्याची एक मराठी मुलगी मिळाली आणि बायांची खिडकी माझ्याकडून गेली. मला हलकं वाटायला हवं होतं. फक्त खूप झोप येत होती.

मग एके दिवशी दुकानातून निरोप आला की एका बाईंचा फोन होता, मराठी ताई हवी म्हणत होत्या, नंबर दिला आहे. मी जिन्यात जाऊन फोन लावला, कारण ऑफिसात साहेब होते.

"ताई, मी वाशिमहून," त्या म्हणाल्या. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा भारी होता, आणि सावकाश.

मी सगळं सांगितलं, मेसेजमध्ये जे लिहिलं होतं तेच. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मी त्या दिवशी फार घाबरले. मला वाटलं मुलाकडच्यांनी सगळीकडे फोन केले की काय. त्या रागाने मी यांनाही दोन शब्द बोलले. मग मोबाईलच बंद करून ठेवला."

"तुम्हाला फार त्रास झाला."

"झाला. पण तुम्हाला सांगू का ताई, तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी मुलाकडून फोन आला होता आणि तो मी घेतला होता. मुलगी अंघोळीला गेलेली, हे शेतात. दुपारी मी गच्चीवर आले. सांगायचं कसं ते सुचेना. म्हणून म्हटलं, लिहून बघावं कसं दिसतं. तुम्हाला ओळखत नव्हते, म्हणून तुमच्याकडे लिहिलं. पाठवायचं नव्हतंच. मी फक्त लिहून बघितलं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. खालून कुणी गठ्ठा घेऊन वर येत होतं, मी सरकून जागा दिली.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"जेवते आता. मधे जेवत नव्हती. ती बी.एड. करते म्हणते, आम्ही हो म्हटलं." मग म्हणाल्या, "त्यांतली डाळिंबी शिल्लक आहे का हो? आत्याला दाखवलेली होती मी, फोटोत. लग्न नसलं म्हणून काय झालं, ती वाट बघत बसली आहे."

"आहे का बघते," मी म्हटलं. "आणि ते पान आता तसं नाही. तुम्ही परत वापरू शकता."

"नको," त्या म्हणाल्या, रागाने नाही. "मी फोनच करत जाईन. फोनवर बोललं की बोललं."

डाळिंबी विकली गेली होती. भाभीने तसलीच दुसरी काढून पाठवली. जागेवर आल्यावर मी तो थांबलेला मेसेज सर्व्हरवरून काढून टाकला. त्यातलं सगळं बोलून झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेबांनी कामरेजच्या एका क्लासवाल्याला ऑफिसात आणलं. मुलांनी प्रश्न विचारायचे, शिक्षकांनी उत्तरं द्यायची, दोन्हीकडून एकाच वेळी, आमचं तयार आहेच. क्लासवाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, मुलं काय लिहून खोडतात तेही दिसेल का? म्हणजे कोणाचं लक्ष कुठे आहे ते कळेल.

"दिसेल ना," साहेब म्हणाले.

"मी ते करणार नाही," मी म्हटलं.

साहेबांनी हसून विषय बदलला, आणि तो माणूस गेल्यावर हसू बंद केलं. ते काम आम्हाला मिळालं नाही. कदाचित दुसऱ्या कोणी करून दिलं असेल, करायला सोपंच आहे. काही दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, मग विसरले. पगार तेवढाच राहिला, जिनाही तेवढाच. क्लासवाला येऊन गेला त्या संध्याकाळी घरी गेले तर सासूबाईंनी भाकरी झाकून ठेवल्या होत्या. नवरा लवकर आला होता आणि खाटेवर पडल्या पडल्या विचारत होता, आज उशीर का झाला. सांगायला बराच वेळ लागला असता. मी म्हटलं, सांगते, आधी जरा बसू दे.